वल्ह्यांच्या बळावर महासागर

माणूस रस्त्याने चालतो त्या वेगाने महासागर ओलांडता येतो. वल्हवणारा एकटा माणूस, सहा-सात मीटर लांबीची होडी आणि तीत भरलेलं तीन महिन्यांचं अन्न, या सगळ्याचा मिळून वेग ताशी दोन सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे साडेतीन-पावणेचार किलोमीटर असतो. वारा पाठीशी असला तर थोडा जास्त. वारा समोरून आला तर शून्य, आणि पुष्कळदा शून्याच्याही खाली, कारण होडी उलटी मागे जाऊ लागते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा बेटापर्यंतचं अंतर सुमारे ४८०० किलोमीटर आहे. शिडाची चांगली नौका ते दोन-तीन आठवड्यांत कापते. एकट्या वल्हेकऱ्याला बहुधा दीड ते साडेतीन महिने लागतात.

महासागर एकट्याने, स्वतःच्या हातापायांच्या बळावर ओलांडणाऱ्या माणसांची ओळख या पुस्तकात आहे. त्यांच्या हकिकती वाचू लागलो तेव्हा मलाही आधी त्यांच्या ताकदीचं नवल वाटलं होतं. पुढे लक्षात आलं की या प्रवासातली सगळ्यात मोठी गोष्ट ताकद नसून वेगाचा अभाव आहे. शिडाच्या नौकेला वादळाची वर्दी मिळाली तर ती वाट बदलू शकते. मोठं जहाज तर वादळाला वळसाच घालतं. वल्ह्यांची होडी कशापासूनही पळू शकत नाही. चार दिवसांनी वादळ येणार हे आज उपग्रहामुळे तिच्यातल्या माणसाला कळतं, पण चार दिवसांत ती जेमतेम दोन-तीनशे किलोमीटर सरकते आणि वादळाचा घेर त्याहून मोठा असतो. म्हणून या प्रवासात जे येईल ते अंगावर घ्यावं लागतं. होडी कशी बांधायची, कोणत्या महिन्यात निघायचं, काय खायचं, कधी झोपायचं, हे सगळं या एका मर्यादेतून ठरतं. पळून जाण्याची सोय नसलेल्या ठिकाणी माणूस कसा वागतो, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

या इतिहासाची सुरुवात एकट्याने झाली नाही. ६ जून १८९६ रोजी जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएल्सन हे दोघे न्यूयॉर्कच्या बॅटरी धक्क्यावरून निघाले. जन्माने नॉर्वेचे, पोटासाठी अमेरिकेत आलेले आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर शिंपले काढून गुजराण करणारे हे दर्यावर्दी. त्यांची ‘फॉक्स’ नावाची होडी अठरा फुटांची, लाकडी आणि उघडी होती. खोली नव्हती, छप्पर नव्हतं. पण त्यांनी एक दूरदृष्टी दाखवली होती: होडी उलटली तर धरायला काहीतरी हवं, म्हणून तिच्या तळाला बाहेरून कठडे ठोकले होते. जुलैत एका रात्री लाटेने होडी खरोखरच पालथी केली. दोघांनी त्या कठड्यांना धरून ती सरळ केली, पण बरंचसं अन्न समुद्रात गेलं. पुढे वाटेत भेटलेल्या एका नॉर्वेजियन जहाजाने त्यांना शिधा दिला. ५५ दिवसांनी ते इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सिली बेटांवर पोचले आणि तिथून वल्हवत फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात गेले. उत्तर अटलांटिकवरचा त्यांचा वेगाचा विक्रम २०१० पर्यंत टिकला, आणि तो मोडायला एका होडीत चार वल्हेकरी लागले. बक्षिसाची आणि प्रसिद्धीतून मिळणाऱ्या पैशांची त्यांची आशा मात्र बहुतांशी फोल ठरली.

त्यानंतर सत्तर वर्षं हा मार्ग जवळजवळ ओसाड राहिला. १९६६च्या उन्हाळ्यात दोन ब्रिटिश जोड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाल्या. डेव्हिड जॉन्स्टोन आणि जॉन होअर हे पत्रकार मे महिन्यात ‘पफिन’ होडीतून व्हर्जिनियाहून निघाले. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ हे छत्रीधारी सैनिक जूनमध्ये केप कॉडहून ‘इंग्लिश रोझ थ्री’ या उघड्या होडीतून निघाले. ३ सप्टेंबर रोजी रिजवे आणि ब्लाइथ आयर्लंडच्या पश्चिमेच्या इनिशमोर बेटावर उतरले. ऑक्टोबरमध्ये कॅनडाच्या एका युद्धनौकेला ‘पफिन’ भर समुद्रात पालथी तरंगताना सापडली. आत कोणी नव्हतं. डायरी मात्र वाचली होती, आणि तिच्यातली शेवटची नोंदही ३ सप्टेंबरचीच होती. एकाच महासागरात एकाच दिवशी एक जोडी किनाऱ्याला लागली आणि दुसरीची लेखणी थांबली. या क्षेत्राबद्दल लिहिताना ही तारीख मी विसरू शकत नाही. धैर्य दोन्ही होड्यांत होतं, चिकाटीही दोन्हीकडे होती. समुद्र त्यांच्यात निवड करत बसला नाही.

एकट्याने जाण्याची पहाट १९६९ साली झाली. रोममध्ये जन्मलेला आणि अर्जेंटिनात वाढलेला जॉन फेअरफॅक्स लहानपणी हार्बो आणि सॅम्युएल्सनबद्दल वाचून झपाटला होता. २० जानेवारीला तो ग्रँड कॅनरीहून निघाला आणि १९ जुलैला, १८० दिवसांनी, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला. उफा फॉक्स या नामांकित नौकारचनाकाराने त्याच्यासाठी रेखलेली ‘ब्रिटानिया’ उलटली तरी आपोआप सरळ होणारी होती. फेअरफॅक्स किनाऱ्याला लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी माणूस चंद्रावर उतरला. अपोलो ११च्या अंतराळवीरांनी पुढे फेअरफॅक्सला अभिनंदनाचं पत्र पाठवलं. फेअरफॅक्स पोचल्यावर आठच दिवसांनी, २७ जुलैला, टॉम मॅक्लीन न्यूफाउंडलंडहून एकटाच वल्हवत आयर्लंडच्या ब्लॅकसॉड उपसागरात पोचला. त्याला सत्तर दिवस लागले, पण त्याची वाट थंड, वादळी उत्तरेची होती. दोन माणसं, दोन दिशा, दोन अगदी वेगळे समुद्र, आणि उन्हाळा एकच.

या दोन दिशांमधला फरक समजला तर पुढची प्रत्येक हकिकत समजते. कॅनरी बेटं विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण अठ्ठावीस अंशांवर आहेत. तिथून दक्षिणेला ईशान्येकडचे व्यापारी वारे बऱ्यापैकी सातत्याने पश्चिमेकडे वाहतात. कोलंबसाने १४९२ साली हाच वारा पकडला होता, आणि आजचे वल्हेकरीही बहुधा डिसेंबरच्या सुमारास, चक्रीवादळांचा हंगाम सरल्यावर, याच वाटेने निघतात. वारा आणि लाट दोन्ही पाठीमागून ढकलतात. उन्हाचा मात्र कहर असतो. उलट उत्तर अमेरिकेहून युरोपकडे जायचं तर गल्फ स्ट्रीमचा प्रवाह मदतीला येतो, पण थंडी, धुकं आणि एकामागून एक येणारे कमी दाबाचे पट्टेही सोबत येतात. कोकणच्या कोळ्यांना हे शास्त्र वेगळं शिकवावं लागणार नाही. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच दर्यात उतरायचं, या रिवाजात वाऱ्याचं पंचांग आहे. चुकीच्या महिन्यात निघालेल्या होडीला बाहूंचं बळ वाचवत नाही.

होडीही तशीच विचारपूर्वक बांधलेली असते. आजची एकट्याची होडी मध्ये उघडी असते. तिथे सरकती बैठक आणि पाय रोवायच्या पट्ट्या असतात. नाळेकडे आणि मागे बंद खोल्या असतात. एका खोलीत माणूस जेमतेम आडवा होऊ शकतो, दुसरीत सामान असतं. या खोल्या हवाबंद आणि उंच, तर अन्न आणि पाण्याचा साठा तळाशी, खाली. होडी उलटली की हवेने भरलेल्या खोल्या तिला पालथं राहू देत नाहीत, तळातलं वजन तिला फिरवतं आणि ती पुन्हा सरळ होते. अट एकच: झाकणं घट्ट लावलेली हवीत. झाकण उघडं राहिलं आणि खोलीत पाणी शिरलं, तर सगळं गणित कोलमडतं. म्हणून उष्ण कटिबंधात, आत कितीही गुदमरायला झालं तरी, अनुभवी माणूस खवळलेल्या समुद्रात झाकण उघडत नाही.

गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच करावं लागतं. सौर पट्ट्यांवर चालणारं यंत्र खारं पाणी मोठ्या दाबाने एका पडद्यातून ढकलतं आणि मीठ मागे ठेवतं. ते बिघडलं तर हातपंप असतो, आणि तो मारायला दिवसाचे मौल्यवान तास खर्ची पडतात. वारा विरुद्ध फिरला की पाण्यात पॅराशूटसारखी एक मोठी कापडी छत्री सोडतात. तिला ‘सी अँकर’ म्हणतात. ती नाळ वाऱ्याकडे धरून ठेवते आणि मागे जाण्याचा वेग कमी करते. लक्षात घ्या, मागे जाणं ती थांबवत नाही. आठवडाभर मेहनत करून मिळवलेले मैल दोन दिवसांच्या उलट वाऱ्यात हरवतात. हे सोसणं शरीराच्या थकव्यापेक्षा अवघड असल्याचं अनेकांनी लिहून ठेवलं आहे.

शरीराची कथा मी पुढच्या पानांत सविस्तर सांगितली आहे. इथे थोडक्यात एवढंच की मीठ हा या प्रवासातला सगळ्यात निर्दय शत्रू आहे. कपडे कधीच पूर्ण वाळत नाहीत. त्वचेवर मीठ साचतं, घर्षणाने जखमा होतात, आणि त्या जखमांवरच दिवसाचे दहा-बारा तास बसावं लागतं. सकाळी उठल्यावर बोटं वल्ह्याच्या मुठीच्या आकारात आखडलेली असतात, सरळ होत नाहीत. दिवसाला पाच हजारांहून अधिक कॅलरी लागतात, तेवढं अन्न घशाखाली उतरत नाही, आणि माणूस महिन्या-दोन महिन्यांत कित्येक किलोंनी उतरतो. होडीच्या तळाला कवचवाले जीव चिकटून वाढतात आणि आधीच मंद असलेला वेग आणखी घटवतात. ते खरवडायला कमरेला दोर बांधून भर महासागरात उतरावं लागतं. तो दोर महत्त्वाचा असतो, कारण रिकामी होडी वाऱ्याने पोहणाऱ्यापेक्षा जलद दूर जाते.

वल्हवणारा मागे तोंड करून बसतो. जिकडे जायचं ती दिशा त्याच्या पाठीशी असते. डोळ्यांसमोर राहतो तो मागे टाकलेला समुद्र. त्याची नजर पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंचीवर असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरचं क्षितिज साडेतीन किलोमीटरवर येऊन ठेपतं. जोडीने किंवा चौघांनी वल्हवणाऱ्या होडीत आळीपाळीने कोणीतरी जागं असतं आणि होडी रात्रंदिवस चालते. एकटा झोपला की होडी थांबते, म्हणजे वाहू लागते, आणि पहारा यंत्रांवर सोपवावा लागतो. जवळ येणाऱ्या जहाजाचा इशारा देणारं यंत्र बंद पडलं तर झोपही तुटक होते. एकट्याचा प्रवास हा जोडीच्या प्रवासाचा दुप्पट अवघड प्रकार आहे असं समजणं चूक ठरेल. तो स्वतंत्रच अनुभव आहे. भांडायला, धीर द्यायला, निर्णय तपासून पाहायला दुसरं माणूस नसतं. थकलेल्या मेंदूने घेतलेला निर्णय थकलेला मेंदूच तपासतो.

ब्रिटिश वल्हेकरी रोझ सॅव्हेज हिची गोष्ट इथे आठवते. व्यवस्थापन सल्लागार म्हणून नोकरी करत असताना तिने एकदा स्वतःचे दोन मृत्युलेख लिहिले: एक आहे त्या आयुष्याचा, दुसरा हव्या असलेल्या आयुष्याचा. दोन्हींतलं अंतर पाहून तिने वाट बदलली. २००५-०६ मध्ये तिने एकटीने अटलांटिक पार केला. वाटेत तिची चारही वल्ही मोडली. हाताशी असेल त्या साहित्याने ती बांधत तिने प्रवास चालू ठेवला. उपग्रह फोन बंद पडल्यावर शेवटचे काही आठवडे तिने कोणाशीही न बोलता काढले. १०३ दिवसांनी ती पोचली. पुढे २००८ ते २०१० या काळात तीन टप्प्यांत तिने पॅसिफिक आणि २०११ मध्ये हिंदी महासागर पार केला. तीन महासागर एकटीने वल्हवत ओलांडणारी ती पहिली स्त्री.

हिंदी महासागराची वाट तिच्याआधी सारा आउटेन हिने पार केली होती. २००९ मध्ये तेवीस वर्षांची सारा दिवंगत वडिलांची आठवण मनात घेऊन ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघाली. पहिल्या खेपेला विजेची यंत्रणा बिघडली आणि कित्येक दिवस समुद्रात काढून तिला आरंभाच्याच किनाऱ्यावर परतावं लागलं. ती पुन्हा निघाली आणि १२४ दिवसांनी मॉरिशसला पोचली. किनाऱ्यालगतच्या प्रवाळ खडकांवर लाटेने तिची होडी शेवटच्या क्षणी उलटवली. या प्रवासात ‘आता पोचलोच’ असं म्हणण्याची मुभा जमिनीवर पाय टेकेपर्यंत नसते.

अपयशाबद्दल सगळ्यात जास्त शिकवतं ते टोरी मर्डन हिचं उदाहरण. धर्मशास्त्र शिकलेल्या या अमेरिकन स्त्रीने आपली ‘अमेरिकन पर्ल’ ही होडी बांधण्यात स्वतः हात घातला. १९९८च्या जूनमध्ये ती नॉर्थ कॅरोलायनाहून युरोपकडे निघाली. जगाशी बोलण्याची साधनं सुरुवातीलाच निकामी झाली, तरी ती पुढे गेली. उन्हाळ्याच्या अखेरीस डॅनिएल या चक्रीवादळाने तिला गाठलं. होडी पुनःपुन्हा उलटली, खांदा दुखावला, आणि अखेर संकटाचा संकेत लावून एका मालवाहू जहाजावर चढावं लागलं. होडी मागे समुद्रातच राहिली. घरी परतल्यावर ती लुइव्हिल शहरात मुहम्मद अली यांच्याबरोबर काम करत होती. ‘अटलांटिक जवळजवळ पार केलेली बाई’ अशी ओळख घेऊन तुला जगायचं नसेल, या आशयाचं ते काहीतरी बोलले आणि ती पुन्हा कामाला लागली. होडी मधल्या काळात सापडली होती. १९९९च्या सप्टेंबरमध्ये, या वेळी कॅनरी बेटांवरून पश्चिमेकडे, ती निघाली. प्रवास संपत आला असताना लेनी या आणखी एका चक्रीवादळाने तिला घेरलं. ३ डिसेंबरला, ८१ दिवसांनी, ती ग्वाडेलूपला पोचली. अटलांटिक एकटीने वल्हवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिच्या दोन्ही प्रवासांना मी या पुस्तकात सारखीच पानं दिली आहेत. पहिल्या प्रवासात तिने जे सोसलं ते दुसऱ्यापेक्षा कमी नव्हतं, आणि दुसऱ्या वेळी दिशा बदलण्याचं शहाणपण पहिल्यातूनच आलं.

आणि अलेक्सांडर डोबा. पोलंडमधल्या पोलिसे या छोट्या शहरातल्या रासायनिक कारखान्यात आयुष्यभर अभियंता म्हणून काम केलेला हा गृहस्थ. २०१० मध्ये चौसष्ट वर्षांचा असताना त्याने सेनेगलमधल्या डाकारहून कयाक पाण्यात लोटली आणि ९९ दिवसांनी ब्राझीलला पोचला. कयाकमध्ये माणूस समोर तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं मारतो. पायांना बळ लावायची सोय फारशी नाही, सगळा भार खांद्यांवर. त्याची ‘ओलो’ ही कयाक सात मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर रुंद होती. झोपायची जागा इतकी अरुंद की कूस बदलणंही कष्टाचं. मिठाने त्वचा सोलवटली तेव्हा त्याने कपडे घालणंच सोडून दिलं. २०१३-१४ मध्ये तो लिस्बनहून बर्म्युडामार्गे फ्लोरिडाला गेला. त्या प्रवासात वाऱ्यांनी त्याला अटलांटिकच्या मध्यावर आठवडेच्या आठवडे घोळवलं. २०१७ मध्ये न्यू जर्सीहून निघून, उत्तरेच्या थंड पाण्यातून, ११० दिवसांनी तो फ्रान्सच्या ल काँके गावी पोचला. सत्तर वर्षं पूर्ण होऊन पाऊण वर्षाहून अधिक काळ लोटला होता, एकाहत्तरावा वाढदिवस सहा दिवसांवर होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये किलिमांजारोच्या शिखरावर पोचून थोडं विसावायला बसला असताना त्याला मृत्यू आला. तारुण्य हीच या प्रवासाची पात्रता असं मानणाऱ्याने डोबाचं प्रकरण आधी वाचावं. त्याच्याजवळ साठ-सत्तर वर्षांत मुरलेला धीर होता, आणि पळण्याची सोय नसलेल्या होडीत स्नायूंपेक्षा धीर जास्त उपयोगी पडतो.

जे परतले नाहीत त्यांच्याबद्दल बोलणं टाळणारं पुस्तक मला लिहायचं नव्हतं. १९८२-८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफपर्यंत २९४ दिवस एकट्याने वल्हवणारा पीटर बर्ड १९९६ मध्ये रशियाहून अमेरिकेकडे जाताना हरवला. होडी सापडली, तो सापडला नाही. जानेवारी २००७ मध्ये टास्मानियाहून न्यूझीलंडकडे कयाकने निघालेला अँड्र्यू मॅकॉली एक महिन्याचा खडतर समुद्र पार करून किनाऱ्यापासून दिवसभराच्या अंतरावर आला होता. तिथेच त्याची रिकामी कयाक सापडली. घरी पत्नी आणि लहान मुलगा होता. ही नावं वाचताना वाचकाच्या मनात राग येऊ शकतो, आणि तो राग मला अयोग्य वाटत नाही. घरच्यांना मागे ठेवून असा धोका पत्करण्याचा अधिकार माणसाला आहे का? शिवाय संकटाचा संकेत लागला की जवळच्या जहाजाला वाट सोडून मदतीला जावं लागतं, हा समुद्राचा जुना धर्म आहे आणि आंतरराष्ट्रीय कायदाही. एका माणसाच्या हौसेपायी वीस खलाशांचे जीव धोक्यात येतात.

यावर माझं मत असं आहे. हा धोका समर्थनीय ठरतो तो फक्त तयारीमुळे. ज्याने वर्षानुवर्षं होडी जाणून घेतली, औषधोपचार शिकला, यंत्रं स्वतः दुरुस्त करायला शिकला आणि परत फिरण्याचं धाडसही अंगी बाणवलं, त्याने समुद्रधर्माचा मान राखला. त्याच्या मदतीला जाणाऱ्या खलाशांनाही हे कळतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात एका शिडाच्या शर्यतीत गंभीर जखमी झाले, डोलकाठी मोडली, पाठीला दुखापत झाल्याने त्यांना हलताही येईना. मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या एका फ्रेंच नौकेने तीन दिवसांनी त्यांना उचललं. तेच टॉमी २०२२-२३ मध्ये त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. वाचवलेल्या आयुष्याचं मोल माणूस असंही फेडू शकतो.

टॉमींच्या उल्लेखामुळे आपल्या किनाऱ्याकडे वळतो. शीड आणि वल्हं यांत फरक आहे, पण एकट्याने समुद्रात जाण्याची भारतातली आधुनिक परंपरा शिडाच्या नौकेतून सुरू झाली आणि तिच्यात महाराष्ट्र आणि गोव्याचा वाटा मोठा आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ‘सागर परिक्रमा’ या कल्पनेचा पाठपुरावा केला. रत्नाकर दांडेकर यांच्या गोव्यातल्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तीतून मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. वल्ह्यांच्या बाबतीतही आपण अगदी कोरे नाही. २००७ मध्ये भाविक गांधी यांनी १०६ दिवसांत एकट्याने अटलांटिक वल्हवत पार केला. त्याच वर्षी मानवी बळावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करत आलेला जेसन लुइस ‘मोक्ष’ नावाच्या पायडलच्या होडीतून एका साथीदारासह मुंबईहून निघून अरबी समुद्र ओलांडून जिबूतीला गेला. आणि जानेवारी २०२५च्या अखेरीस, बेंगळुरूत जन्मलेली आणि ब्रिटनमध्ये राहणारी अनन्या प्रसाद ५२ दिवस एकटीने वल्हवत अँटिग्वाला पोचली. कन्नड कवी जी. एस. शिवरुद्रप्पा यांची ती नात. तिच्या प्रवासातून मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या एका ब्रिटिश संस्थेला आणि कर्नाटकात चामराजनगर इथल्या अनाथ मुलांच्या संस्थेला निधी मिळाला. अटलांटिकच्या मध्यावर घेतलेल्या कष्टांचं फळ चामराजनगरच्या मुलांपर्यंत पोचतं, याचं मला अप्रूप वाटतं.

माणसं हे का करतात, याला या पुस्तकात एकच उत्तर मिळणार नाही. फेअरफॅक्सला लहानपणीचं वेड पुरं करायचं होतं. साराला वडिलांचं दुःख वाहून न्यायचं होतं. रोझला आपलं आयुष्य बदलायचं होतं. डोबाला, मला वाटतं, फक्त पुढे जायचं होतं. पण या सगळ्यांत एक समान धागा आहे. दिवसभराच्या हजारो वल्ह्यांपैकी एकही वल्हं सांगण्यासारखं नसतं. कोणतंही एक वगळलं तरी नकाशावर फरक दिसत नाही. तरीही ती सगळी मिळून महासागर ओलांडला जातो. आजच्या काळात कष्टांचं फळ ताबडतोब दिसावं अशी आपली अपेक्षा असते. या माणसांनी फळ न दिसता, कधी कधी तर मागे जात असताना, काम करत राहण्याची विद्या मिळवली. ती विद्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनाही तितकीच लागते. आजाऱ्याची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्याला ती लागते, कोरड्या वर्षात पुन्हा पेरणी करणाऱ्याला ती लागते, आणि एखाद्या अवघड संशोधनात दशकं घालवणाऱ्यालाही.

हे पुस्तक वाचताना जवळ नकाशा ठेवावा, आणि प्रत्येक प्रकरणात माणूस कोणत्या महिन्यात, कोणत्या वाऱ्याने निघाला ते आधी पाहावं. ज्यांचे प्रवास पुरे झाले नाहीत त्यांची प्रकरणं गाळू नयेत. विक्रमांची वर्गवारी परिशिष्टात आहे, ती शेवटी वाचली तरी चालेल.

आणि हे वाचून एखाद्या मुलाला किंवा मुलीला स्वतः निघावंसं वाटलं, तर माझी विनंती एवढीच आहे. आधी किनाऱ्यावरच्या एखाद्या जुन्या तांडेलाकडे जा आणि त्याच्याबरोबर दोन-चार हंगाम काढा. होडीचा प्रत्येक खिळा आणि प्रत्येक वायर स्वतः ओळखा. उलटलेली होडी किनाऱ्याजवळ दहादा सरळ करून पाहा. घरच्यांशी खोटं बोलून निघू नका, त्यांना धोका नीट समजावून सांगा आणि त्यांचं म्हणणं ऐका. कोणत्या परिस्थितीत परत फिरायचं ते निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा आणि तो शब्द पाळा. एवढं सगळं करूनही निघावंसं वाटत राहिलं, तर जा. त्या वेळी तुम्ही कोणाचं अनुकरण करत नसाल, आणि समुद्रात तुमच्याबरोबर तुमची स्वतःची तयारी असेल.